कॅसिनो गेम, लाइव्ह टेबल आणि दीड जीबी: मोबाईलचा डेटा नेमका कुठं जातो ते स्वतः मोजा

माझं कोल्हापुरात राजारामपुरीत मोबाईल रिपेअरिंग आणि रिचार्जचं छोटं दुकान आहे. दिवसातनं दोन-तीन गिऱ्हाईकं तरी एकच तक्रार घेऊन येतात, दादा सकाळी दीड जीबी असतंय आणि दुपारच्या जेवणापर्यंत नव्वद टक्के संपल्याचा मेसेज येतोय, कंपनी चोरतीय बघा. मी फोन हातात घेतो, सेटिंग उघडतो आणि दहातल्या बऱ्याच वेळा वरच्या दोन-तीन नावातच उत्तर सापडतं. कुठं व्हिडिओ, कुठं गेम, कुठं गेममधल्या जाहिराती.

हे लिहायला बसलो त्याला कारण एक पोरगा. विद्यापीठाच्या मागं रूम घेऊन राहतो, गाव गगनबावड्याकडं. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती आणि संध्याकाळी सातला याचा डेटा संपलेला, पेज अर्धं उघडतंय आणि पेमेंटला जाऊन अडकतंय, शेवटी धावत दुकानात आला, माझ्या वायफायवर आम्ही दोघांनी बसून फॉर्म भरला. नंतर चहा पिताना विचारलं तर म्हणाला दादा मी काय पिक्चर बघत नाही, फक्त फुकटातले पत्त्याचे आणि कॅसिनोवाले गेम खेळतो, त्याला कितीसा डेटा लागणार. प्रश्न बरोबर आहे. उत्तर मात्र गेम कुठल्या प्रकारचा आहे त्यावर आहे, आणि हे त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

म्हणून नवीन माणसाला समजेल असं सगळं एका जागी सांगतो. घाई करू नका, फोन जवळ घेऊन वाचा आणि जिथं सेटिंग सांगितलंय तिथं थांबून करून बघा.

सुरुवात करण्याआधी कायद्याचं

हे आधीच सांगणं मला गरजेचं वाटतं कारण बऱ्याच जणांना अजून माहीत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा पास केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून जिंकायची आशा दाखवणारा कुठलाही ऑनलाइन गेम, मग तो नशिबाचा असू दे नाहीतर डोक्याचा, चालवायला या कायद्यानं बंदी आहे. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत आणि ५० लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, पण म्हणून तुमचे पैसे सुरक्षित आहेत असं अजिबात नाही, त्यावर खाली बोलतो. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे गेम बंद झालेले नाहीत. तर पुढं मी जे सांगतोय ते फुकटातल्या चिप्सवाल्या (चिप्स म्हणजे गेममधली खोटी नाणी) गेमबद्दल आहे, स्लॉट, रूलेट, तीन पत्ती, पोकर, रमी, लुडो असले. लाइव्ह डीलरचं, म्हणजे खरा माणूस कॅमेऱ्यासमोर पत्ते वाटतो त्याचं, गणितही सांगणार आहे, कारण त्याचे व्हिडिओ आणि स्ट्रीम लोक बघतातच आणि सगळ्यात जास्त डेटा तिथंच जातो.

पहिलं काम: एमबी आणि एमबीपीएस यातला फरक डोक्यात बसवा

हे एकदा कळलं की बाकी सगळं सोपं आहे. नेटचा स्पीड मोजतात बिटमध्ये आणि पॅक मोजतात बाइटमध्ये. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट, एमबी म्हणजे मेगाबाइट. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे एखादा व्हिडिओ १ एमबीपीएसनं चालू असेल तर सेकंदाला १ एमबी जात नाही, त्याचा आठवा भाग जातो, म्हणजे ०.१२५ एमबी. मिनिटाला साडेसात एमबी. तासाला ४५० एमबी. हा एकच आकडा पाठ करा, १ एमबीपीएस म्हणजे तासाला ४५०. बाकी सगळं त्याच्या पटीत.

आता यावरून व्हिडिओचं बघू. साधारण ४८० पिक्सेलचा व्हिडिओ १ एमबीपीएसच्या आसपास धरायचा, ७२० चा अडीच, १०८० चा पाच. कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) आणि सर्व्हरप्रमाणं कमीजास्त होतं पण हिशेबाला पुरतं. म्हणजे ४८० ला तासाला ४५० एमबी, ७२० ला सव्वा अकराशे एमबी, १०८० ला सव्वादोन जीबी. तुमच्याकडं रोजचे दीड जीबी असतील तर ४८० वर ३ तास २० मिनिटं, ७२० वर १ तास २० मिनिटं आणि १०८० वर फक्त ४० मिनिटं. चाळीस मिनिटं म्हणजे रंकाळ्यावर जरा फिरून भेळ खाईपर्यंतचा वेळ. तेवढ्यात दिवसाचा कोटा साफ.

आता कुठला गेम काय खातो

स्लॉट आणि रूलेटचा ग्राफिक्सवाला गेम घ्या. चक्रं फिरताना दिसतात, नाणी पडतात, आवाज येतो, बघणाऱ्याला वाटतं हे सगळं नेटवरून येतंय. तसं नाही. चित्रं, आवाज, अॅनिमेशन हे सगळं पहिल्यांदा गेम उघडताना एकदाच फोनमध्ये उतरतं, काही एमबीपासून पन्नास-शंभर एमबीपर्यंत कितीही असू शकतं. त्यानंतर तुम्ही बटण दाबलं की फोन सर्व्हरला एवढंच कळवतो, याने इतक्या चिप्स लावल्या, आणि सर्व्हर उत्तर देतो, हे आकडे आले. चक्र फिरायच्या आधीच निकाल ठरलेला असतो, सर्व्हरवरच्या रँडम नंबर जनरेटरनं, म्हणजे नशिबानं आकडे काढणाऱ्या प्रोग्रॅमनं, काढलेला, तुमच्या स्क्रीनवर जे फिरतंय ते त्या निकालाचं चित्र आहे फक्त. या देवाणघेवाणीला काही केबी लागतात, १००० केबी म्हणजे १ एमबी. समजा जरा सढळ हातानं एका फेरीला १० केबी धरले आणि मिनिटाला १० फेऱ्या, तर तासाला ६०० फेऱ्या, म्हणजे ६ एमबी. एवढंच. व्हॉट्सअॅपवर आलेला एखादा लग्नाचा व्हिडिओ याच्यापेक्षा जास्त खातो.

तीन पत्ती, पोकर, रमी, लुडो यांचंही तसंच. कुठला पत्ता टाकला, कोणाची पाळी, टायमर किती, एवढीच माहिती ये-जा करते. फक्त एक लक्षात ठेवा, टेबलवर व्हॉइस चॅट चालू असेल तर वेगळा हिशेब. एका माणसाचा आवाज साधारण ३२ केबीपीएसनं येत असेल तर तासाला १५ एमबीच्या जवळ, चार जणांच्या लुडोत बाकी तिघं सतत बोलत राहिले तर ४५ एमबीच्या आसपास, आणि तुमचा आवाज वर जातो तोही डेटाच. अपलोड फुकट असतं असं पुष्कळ जणांना वाटतं. पॅकमध्ये दोन्ही मोजतात.

मग पोराचा दीड जीबी कुठं गेला? इथं येतात जाहिराती. फुकट गेमचा धंदाच त्यावर चालतो. चिप्स संपल्या की "जाहिरात बघा, चिप्स मिळवा". ३० सेकंदाची व्हिडिओ जाहिरात १ एमबीपीएसनं आली तर पावणेचार एमबी, २ नं आली तर साडेसात. तासात अशा २० बघितल्या तर ७५ ते १५० एमबी. गेमला ६, जाहिरातीला १५०! आणि अजून एक गोष्ट जी मला स्वतःला उशिरा कळली, जाहिरात दिसायच्या आधीच ती मागच्या बाजूला उतरवून ठेवलेली असते म्हणजे बटण दाबल्यावर लगेच चालू व्हावी. तुम्ही ती बघितली नाही तरी तिचा डेटा गेलेला असतो.

आणि सगळ्यात वर लाइव्ह डीलर. यात खरा माणूस खऱ्या टेबलवर पत्ते वाटतो, कॅमेरे लावलेले असतात, आणि ते सगळं तुमच्या फोनवर व्हिडिओ म्हणून येतं. तुम्ही काही खेळा किंवा नुसतं बघत बसा, व्हिडिओ चालूच. वरचं गणित इथं जसंच्या तसं लागू होतं, तासाला ४५० एमबीपासून दोन जीबीच्या वर. त्यात व्हिडिओची क्वालिटी ऑटोवर असते, म्हणजे नेट चांगलं मिळालं की आपोआप वरच्या क्वालिटीवर जाते. म्हणून रेंज छान असलेल्या ठिकाणी डेटा जास्त पळतो, हे ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. काही ठिकाणी तर टेबल निवडायच्या पानावरच पाच-सहा टेबलांचे छोटे व्हिडिओ एकदम चालू असतात, तुम्ही नुसतं काय खेळू म्हणून बघताय तोवर इकडं मीटर पळतोय.

त्या पोराचं नेमकं हेच झालेलं. कोणीतरी मित्रानं लाइव्ह टेबलची लिंक दिलेली, हा पैसे लावत नव्हता, नुसतं बघायचा, आणि जेवताना फोन तसाच चालू ठेवून बाजूला ठेवायचा.

दुसरं काम: आपल्या फोनवर स्वतः मोजा

मी सांगितलेले आकडे हिशेबाचे आहेत, तुमच्या फोनवरचे तुम्हीच काढायचे. फार सोपं आहे.

अँड्रॉइडमध्ये सेटिंग उघडा, नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात सिम, त्यात अॅप डेटा यूसेज. सॅमसंगला कनेक्शन्समध्ये डेटा यूसेज मिळेल. रेडमी, विवो, ओप्पो, रिअलमी सगळ्यांची मांडणी थोडी वेगळी असते, सापडत नसेल तर सेटिंगमध्ये वर सर्चमध्ये "डेटा" टाईप करा, येतंय. आयफोनला सेटिंगमध्ये मोबाईल डेटा उघडून खाली सरकत जायचं, तिथं प्रत्येक अॅपचा आकडा असतो, पण आयफोनचा आकडा महिन्याला आपोआप शून्य होत नाही, तळाशी रिसेट स्टॅटिस्टिक्स आहे ते एकदा दाबून मग मोजायला सुरू करा, नाहीतर तीन वर्षांपूर्वीपासूनचा आकडा बघून घाबरायला होतं.

आता वायफाय बंद करा. गेमचा आत्ताचा आकडा कागदावर लिहा. फोनमध्ये नको, कागदावर. गेम उघडा, बरोबर अर्धा तास खेळा, अलार्म लावून. गेम पूर्ण बंद करा, म्हणजे रीसेंटमधून पण काढून टाका. पाच मिनिटं थांबा कारण आकडा कधीकधी उशिरा बदलतो. परत बघा. नवीन वजा जुना, गुणिले दोन, हा तुमचा तासाचा आकडा.

हे दोनदा करा. पहिल्या वेळी गेम नवीन असेल तर चित्रं-आवाज उतरवायचा डेटाही त्यात येतो म्हणून आकडा मोठा दिसेल, दुसऱ्या दिवशीचा खरा. आणि जमलं तर एकदा जाहिरात न बघता आणि एकदा चिप्ससाठी जाहिराती बघून, दोन्ही वेगळं मोजा. माझ्या काउंटरवर बसून पुष्कळ जणांनी हे केलंय आणि फरक बघितल्यावर त्यांना पुढचं काही समजवावं लागलं नाही.

इथं नवीन माणूस एका ठिकाणी नक्की चुकतो. गेम अॅपमध्ये नसून ब्राउझरमध्ये खेळत असाल तर त्याचा डेटा क्रोमच्या नावावर दिसणार, गेमच्या नावावर नाही. लोक म्हणतात मी तर क्रोम वापरतच नाही, मग ८०० एमबी कसे? अहो ती लिंक क्रोममध्येच उघडलीय की. आणि ब्राउझरमधल्या गेमचं अजून एक, इनकॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खाजगी टॅबमध्ये) उघडला किंवा कॅशे (फोननं साठवून ठेवलेला माल) साफ केली तर ते सगळं चित्र-आवाजाचं गाठोडं दर वेळी नव्यानं उतरतं. रोज क्लिनर अॅपनं कॅशे साफ करायची सवय असेल तर सोडा, जागा मिळते थोडी आणि डेटा जातो जास्त.

हॉटस्पॉट दिला असेल तर तो हॉटस्पॉट किंवा टिदरिंग नावानं वेगळा दिसतो. घरच्यांना हॉटस्पॉट देऊन विसरलेले पण माझ्याकडं येतात.

तिसरं काम: गळती बंद करा

जिथं जास्त फरक पडतो ते आधी सांगतो.

व्हिडिओची क्वालिटी. लाइव्ह स्ट्रीम कसलीही असू दे, सेटिंगच्या चाकात जाऊन ऑटो काढा आणि कमीतली निवडा. ७२० वरून ४८० वर आलात तर वरच्या हिशेबानं डेटा निम्म्याहून कमी होतो आणि पाच-सहा इंचाच्या स्क्रीनवर फरक फारसा कळत नाही. आणि फोन बाजूला ठेवताना अॅप बंद करून ठेवा, नुसतं स्क्रीन उलटं करून नाही.

बॅकग्राउंड डेटा. त्याच अॅप डेटा यूसेजमध्ये गेमच्या नावावर दाबा, खाली बॅकग्राउंड डेटाचं बटण दिसेल, बंद करा. यानं तुम्ही खेळत नसताना गेमला मोबाईल डेटा मिळत नाही, नोटिफिकेशन उशिरा येतील, फुकट बोनस चुकला तर चुकू दे.

डेटा सेव्हर. अँड्रॉइड ७ पासून म्हणजे २०१६ पासून प्रत्येक फोनात आहे पण चालू केलेला क्वचित बघतो मी. तो चालू केला की सगळ्या अॅपचा मागचा डेटा एकदम थांबतो, मग व्हॉट्सअॅप आणि पेमेंटचं अॅप एवढ्यांनाच सूट द्या. आयफोनला लो डेटा मोड म्हणतात, आयओएस १३ पासून आहे.

प्ले स्टोअरचे ऑटो अपडेट फक्त वायफायवर ठेवा. गेमचे अपडेट मोठे असतात, एक अपडेट दिवसाचा कोटा खाऊ शकतो. व्हॉट्सअॅपमध्ये स्टोरेज अँड डेटामध्ये जाऊन मोबाईल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरायचं बंद. गूगल फोटोजचा बॅकअप वायफायवरच. ही तीन कामं पाच मिनिटांत होतात, आत्ताच करून टाका आणि पुढं वाचा.

मग मर्यादा लावा. डेटा वॉर्निंग अँड लिमिट मध्ये सायकलची (हिशेब सुरू व्हायची) तारीख रिचार्जच्या तारखेला जुळवा आणि वॉर्निंग लावा. बऱ्याच फोनात ही मर्यादा महिन्याची असते आणि आपले पॅक रोजचे, हा घोळ आहे. काही फोनमध्ये रोजच्या मर्यादेची सोय मिळते, असेल तर दीड जीबीच्या पॅकला सव्वा जीबीवर लावा. तो उरलेला पाव जीबी म्हणजे फॉर्म, तिकीट, यूपीआय, डॉक्टरची अपॉइंटमेंट. तो गेमला द्यायचा नाही, हे आपल्या मनाशी पक्कं ठरवा. माझ्या त्या पोराला मी हेच सांगितलं, बाळा खेळ, पण पाव जीबी बाजूला ठेवूनच खेळ.

हॉटस्पॉट, दोन सिम, ५जी आणि प्रवास

घरी एकाच्या फोनवर पॅक आणि बाकी तिघं हॉटस्पॉटवर, हे आपल्याकडं घरोघरी आहे. तोटा असा की दुसऱ्या फोनला बऱ्याचदा वाटतं आपण वायफायवर आहोत. मग त्याचे अपडेट, फोटो बॅकअप, सगळं जोरात चालू होतं. उपाय, दुसऱ्या फोनवर त्या वायफायच्या नावावर दाबा, मीटर्ड यूसेज दिसेल, तिथं "ट्रीट अॅज मीटर्ड" करा. आयफोन असेल तर त्या वायफायच्या पुढच्या आय वर दाबून लो डेटा मोड. एवढ्यानं हॉटस्पॉटवरची अर्धी भांडणं मिटतात.

दोन सिमवाल्यांनी ऑटो डेटा स्विचिंग बघा. हे चालू असेल तर एका सिमची रेंज कमी झाली की फोन गुपचूप दुसऱ्या सिमवर जातो, आणि त्या सिमवर डेटा पॅक नसेल किंवा थोडाच असेल तर तो उडतो.

५जीचं नीट समजून घ्या. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओ आणि एअरटेलनी अनलिमिटेड ५जी रोज २ जीबी किंवा त्याच्या वरच्या पॅकला ठेवलं, दीड जीबीच्या पॅकवर ते गृहीत धरू नका. आणि अनलिमिटेड असलं तरी ते ५जीची रेंज असेपर्यंतच. शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या जुन्या जाड भिंतींच्या घरात, नाहीतर गल्लीच्या आतल्या तळमजल्यावर फोन कधी ४जीवर येतो कळत नाही, वरची खूण बघायची सवय कोणाला आहे? तुम्ही अनलिमिटेड समजून १०८० वर स्ट्रीम लावून बसलाय आणि इकडं ४जीचा रोजचा कोटा चाललाय. म्हणून स्ट्रीम लावायच्या आधी वरची खूण बघा, नंतर मध्येमध्ये परत बघा.

एसटीनं गगनबावड्याला किंवा आंबा घाटातनं रत्नागिरीला निघालात तर मध्ये रेंज जाणार. रेंज गेली की व्हिडिओ तुटतो, परत आली की नव्यानं जोडतो, गेमचं पान परत उघडतं, जाहिरात पुन्हा उतरते, बॅटरीही पळते. प्रवासात ऑफलाइन पत्त्याचा गेम बरा. ऑफलाइन आहे का नाही ते ओळखायला फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि गेम चालतोय का बघा, चालला तर ऑफलाइन. जाता जाता सांगतो, अशा गेमला डेटा बंद असला की नव्यानं जाहिराती उतरूच शकत नाहीत, आईच्या फोनवरच्या सॉलिटेअरला मी हीच युक्ती केलीय.

डेटा संपल्यावर काय होतं

रोजचा कोटा संपला की नेट पूर्ण बंद होत नाही, स्पीड पडतो. बऱ्याच पॅकमध्ये ६४ केबीपीएस. म्हणजे सेकंदाला ८ केबी. ५० एमबीचा गेम नव्यानं उघडायचा तर या स्पीडला पावणेदोन तास लागतील, लाइव्ह व्हिडिओचं नावच काढू नका. आधीपासून फोनमध्ये उतरलेला साधा पत्त्याचा गेम कसाबसा रेटतो. मेसेज जातात, फोटो अडकतात, बँकेचं पान टाइम आउट होतं. माझ्याकडं फॉर्मवाला पोरगा आला तेव्हा हेच चाललेलं.

अशा वेळी लगेच डेटा व्हाउचर मारायच्या आधी घड्याळ बघा. रात्री बारानंतर नवीन कोटा मिळतो, काम उद्यावर जाणारं असेल तर थांबा. अडलेलं काम असेल तर आधी मागचं सगळं बंद करा, डेटा सेव्हर चालू करा, मग लहानात लहान व्हाउचर मारा. उलटं केलं तर व्हाउचरचा डेटा पण अडकून बसलेले अपडेट आणि बॅकअपच खाऊन टाकतात, पाच मिनिटांत, हे मी काउंटरवर होताना बघितलंय आणि गिऱ्हाईक माझ्याकडंच बघत राहतो.

आणि कधी मोबाईल डेटाच नको असेल, उदाहरणार्थ म्हाताऱ्या माणसाच्या फोनवर, तर १९२५ ला STOP असं इंग्रजी अक्षरात लिहून एसएमएस केला की सिमवरचं नेट बंद होतं, परत चालू करायला START.

लिंकवरून येणाऱ्या अॅपबद्दल

हे मी जरा मोठ्यानं सांगतोय असं समजा. कायद्यानंतर पैशाचे मोठे अॅप बंद झाले आणि आता टेलिग्रामवर, व्हॉट्सअॅपवर लिंक फिरतात, हे एपीके (प्ले स्टोअरशिवाय अॅप टाकायची फाइल) टाका, इतका बोनस, लाइव्ह टेबल, लगेच विड्रॉवल. डेटा कमी खाणारं व्हर्जन म्हणून पण पाठवतात. टाकू नका. हे प्ले स्टोअरवरनं येत नाही म्हणजे त्याला कोणी तपासलेलं नाही. टाकताना एसएमएस वाचायची परवानगी मागितली तर तुमचे ओटीपी त्याच्या हातात. मागं सतत चालू राहून डेटा खातं ते वेगळंच, आणि गेलेला डेटा रात्री बाराला परत येतो, खात्यातनं गेलेले पैसे येत नाहीत. चालवणारा कुठल्या देशात बसलाय माहीत नाही, दाद कोणाकडं मागणार?

चुकून टाकलं असेल तर घाबरून गप्प बसू नका. आधी एअरप्लेन मोड, मग ते अॅप काढा, दुसऱ्या फोनवरनं बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, सायबर फसवणुकीची ती सरकारी हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवता यायची शक्यता जास्त. आणि घरातलं कोणी खेळात अडकून झोप उडवून बसलं असेल, कर्ज काढत असेल, तर १४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्या पोराला मी हे दोन्ही नंबर रिचार्जच्या पावतीच्या मागं लिहून दिले.

मोजूनही हिशेब जुळत नसेल तर

कधीकधी गिऱ्हाईकाचं खरं असतं. म्हणून आठ दिवस एक काम करा. रोज रात्री झोपताना दोन आकडे कागदावर लिहा, एक फोनच्या सेटिंगमधला मोबाईल डेटाचा त्या दिवसाचा, एक तुमच्या सिम कंपनीच्या अॅपमधला. थोडा फरक राहणारच, कारण फोन कधी १ जीबी म्हणजे १००० एमबी धरतो, कधी १०२४, आणि दोघांची मोजायची वेळही पुढंमागं होते. पण फरक रोज शे-दोनशे एमबीचा असेल तर आधी हॉटस्पॉटला पासवर्ड आहे का बघा, दुसऱ्या सिमवर डेटा गेलाय का बघा, कुठल्या अॅपची ड्युअल अॅप म्हणून बनवलेली दुसरी कॉपी आहे का बघा.

तरी जुळलं नाही तर १९८ ला फोन लावा, तो तक्रारीचा नंबर आहे, आणि तक्रार नोंदवून झाली की डॉकेट नंबर, म्हणजे तुमच्या तक्रारीचा नोंद क्रमांक, मागून घ्या. एसएमएसनं येतो, नाही आला तर तिथल्या तिथं विचारा. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो, त्याला तो डॉकेट नंबर लागतोच. आणि सोबत तो आठ दिवसांचा कागद ठेवा, समोरचा माणूस "तुम्हीच वापरलाय सर" म्हणाला की तारखेनुसार आकडे वाचून दाखवता येतात. कोणाला कागद कसा आखायचा कळत नसेल तर दुकानात या, दुपारी दोन ते चार जरा निवांत असतो, दोन रकाने मारून देतो.